सहल असावी अर्धशक्तीची

रुग्णास विश्रांतीचा सल्ला आम्ही वैद्य दिवसातून दहा वेळा देतो. स्वतः विश्रांती घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र तो विषय पुढच्या वर्षावर ढकलतो. आणि कधी काळी चार दिवस मोकळे काढलेच, तर त्या चार दिवसांत दहा दिवसांचे श्रम कोंबतो. औषधी विक्रेत्या बंधूंची स्थितीही याहून निराळी नाही. या विषयावर लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्याच एका चुकीचे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब कोकणात गेलो होतो. पाच दिवसांत गणपतीपुळे, पावस, रत्नागिरी, मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली आणि परतीच्या वाटेवर कोल्हापूर व पन्हाळा, असा बेत आम्हीच मोठ्या उत्साहाने आखला होता. पहाटे पाचला निघावे, भर उन्हात किल्ला पाहावा, दुपारचे जेवण तीन वाजता उरकावे आणि रात्री अकरानंतर मुक्कामी पोहोचावे, असा क्रम रोज चालला. शेवटची रात्र गाडीत जागून काढली, सकाळी घरी पोहोचलो आणि दहा वाजता दवाखाना उघडला.

त्याच सकाळी ज्वराने आलेल्या सात वर्षांच्या एका मुलाच्या चिठ्ठीवर त्रिभुवनकीर्ती रसाची मात्रा आम्ही प्रौढाची लिहिली. चिठ्ठीवर वय होते म्हणून शेजारच्या औषधी दुकानदारांच्या ते लक्षात आले. गोळ्या न देता त्यांनी आधी आम्हांस दूरध्वनी केला. “वैद्यराज, मात्रा एकदा पाहून घ्यावी,” एवढेच ते म्हणाले. वत्सनाभयुक्त कल्पात मात्रेचे महत्त्व काय, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. मूल सुखरूप राहिले ते दुकानदारांच्या दक्षतेमुळे, आमच्या विद्येमुळे नव्हे. थकलेल्या वैद्याच्या थकव्याची किंमत रुग्णास मोजावी लागते, ही जाणीव त्या दिवशी आम्हांस प्रकर्षाने झाली.

आता शास्त्राकडे वळू. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम सांगितला आणि अन्य ऋतूंत त्याहूनही अल्प. आदानकाळाच्या शेवटी, म्हणजे ग्रीष्मात, शरीरबल सर्वांत उणे असते. आणि आपल्या सहली निघतात त्या नेमक्या मे महिन्यात! मुलांच्या शाळांमुळे तो महिना टाळता येत नसेल, तर निदान त्या काळी श्रमाचा बेत आखू नये. ज्यांस शक्य असेल त्यांनी हेमंत-शिशिराची निवड करावी. बल उत्तम, अग्नी प्रदीप्त, आणि थोडे चालणे-फिरणेही अंगी लागते.

अर्धशक्तीचा हा दंडक सहलीच्या आराखड्यासही लावावा, असे आमचे मत आहे. चार दिवसांत आठ ठिकाणे पाहता येतील असे वाटत असेल, तर फार तर चार योजावीत. आणि विश्रांती हाच हेतू असेल, तर एकच ठिकाण धरून राहावे. माथेरानसारखी जागा या दृष्टीने आदर्श होय. तेथे खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे माणसाची चाल आपोआप मंदावते. कोकणात जावयाचे तर एकाच गावी चार रात्री राहावे, सकाळी समुद्रकाठी फिरावे, दुपारी पडून राहावे. ग्रीष्मात दिवसा झोपण्यास शास्त्राचीही अनुमती आहे.

दुसरा मुद्दा पादांशिक क्रमाचा. सवय एकदम सोडू नये, चतुर्थांशाने सोडावी, हे तत्त्व आम्ही रुग्णास सांगतो. मग दवाखाना रात्री नऊला बंद करून दहाची गाडी पकडणे कितपत योग्य? निघण्यापूर्वीचे दोन दिवस रुग्णसंख्या कमी ठेवावी आणि परतल्यावर एक दिवस घरी काढून मगच कामास बसावे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळते. तेव्हा दोन महिने आधी तारखा ठरवून दिवसाची गाडी मिळवावी. रात्रप्रवास अटळच असेल, तर जितके जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, हा वाग्भटोक्त उपाय अवश्य करावा. बसमध्ये मूत्र, तहान व झोप यांचे वेग धरून बसणे आणि नंतर कटिशूल व मलावष्टंभ घेऊन येणे, हे वैद्यास तरी शोभत नाही.

सोबत काय न्यावे? आचार्य चरकांनी श्रमहर गणात द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक ही दहा द्रव्ये सांगितली आहेत. खजूर, मनुका व सुके अंजीर एका डब्यात सहज मावतात. तळलेल्या पाकिटांपेक्षा ते केव्हाही बरे. तिळतेलाची लहान बाटली न्यावी व रात्री पादाभ्यंग करावा. पायांचा शीण व जडपणा त्याने लगेच उतरतो.

काही मित्र म्हणतील, एवढा खर्च करून जावयाचे आणि पाहावयाचे काहीच नाही? त्यांस आमचे उत्तर असे की, न पाहिलेले ठिकाण पुढच्या वर्षीही तेथेच असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दवाखाना वा दुकान बंद ठेवले तर रुग्ण दुसरीकडे जातील, ही ती भीती होय. ती अनाठायी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे पोट रोजच्या गल्ल्यावर आहे, त्यास उपदेश करणे सोपे असते.

यावरील उपाय एकट्याने होण्यासारखा नाही, तो संघटनेने करावयाचा आहे. एकाच भागातील तीन-चार वैद्यांनी वर्षाच्या आरंभीच आपापल्या सुट्ट्या आळीपाळीने ठरवाव्यात. जाणाऱ्याने चालू रुग्णांची थोडक्यात टिपणे शेजारच्या वैद्याकडे द्यावीत आणि सुट्टीची पाटी पंधरा दिवस आधी लावावी. परतल्यावर रुग्ण सन्मानाने मूळ वैद्याकडे पाठवावा, हा संकेत सर्वांनी पाळावा. दुकानदार बंधूंनीही असेच करावे. नित्य लागणाऱ्या औषधांचा पुरवठा रुग्णांस आधीच करून ठेवावा आणि शेजारच्या दुकानाशी समजूत असावी.

आम्ही व आमच्या त्या शेजारी दुकानदारांनी हा प्रयोग गेल्या वर्षी केला. पौषात ते प्रथम पाच दिवस गावी गेले, मागाहून आम्ही माथेरानला चार दिवस राहिलो. कित्येक वर्षांत दुकानास प्रथमच कुलूप लागले, असे ते सांगत होते. रुग्ण कोठे गेले नाहीत. एक वृद्ध रुग्ण तेवढे म्हणाले, “वैद्यबुवा, आज निवांत नाडी पाहिलीत.”

तो शेरा कौतुकाचा होता की आजवरच्या घाईची तक्रार, हे आम्ही विचारले नाही. वाचकांनीही आपापल्या रुग्णांचे असे शेरे आठवून पाहावेत आणि येत्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर निदान चार दिवसांवर आजच खूण करावी, एवढीच आमची विनंती आहे.