आधी पट्टे मोजा, मग खारीला परकी म्हणा

डाळिंब पोखरलेले दिसले की पहिला संशय खारीवर जातो, आणि तो बऱ्याचदा खराही असतो. पण नुकसान करणारा प्राणी आणि बाहेरून येऊन पसरलेला आक्रमक प्राणी, यांत फरक आहे.

लोणी देवकरच्या महामार्गालगत, वस्तीत किंवा एमआयडीसीतल्या झाडांवर पाठीवर पांढुरके पट्टे असलेली खार दिसली, तर ती इथलीच. महाराष्ट्रात तिच्या एकाहून अधिक जाती आहेत. पाठीवर फक्त तीन पट्टे असतील तर तीनपट्टी. शिवाय दोन्ही कुशींवर एकेक फिकट पट्टा असेल तर पाचपट्टी. पिकाला त्रास झाला तर बंदोबस्त फळाला पिशवी बांधून किंवा जाळी लावून करावा. विष घालून नव्हे.

हीच पाचपट्टी खार ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मात्र परकी ठरते. १८९८ च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयातून ती बाहेर पडली आणि आसपासच्या वस्तीत स्थिरावली. म्हणजे प्राणी परका आहे की नाही, हे तो कुठे आहे यावर ठरते.

खरा धडा अमेरिकेतल्या करड्या खारीचा आहे. १८७६ मध्ये हौसेने ब्रिटनमध्ये सोडलेल्या या खारीने तिथल्या तांबड्या खारीला बहुतेक भागांतून हुसकावले. ती ज्या विषाणूचा प्रसार करते, त्याने स्वतः सहसा आजारी पडत नाही. तांबडी खार मात्र दगावते. इटलीत १९९७ मध्ये ती हटवण्याचा प्रयोग सुरू झाला, पण प्राणिमित्र संघटना न्यायालयात गेल्या. निकाल लागेपर्यंत खारी दूरवर पसरल्या होत्या.

भारतात २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पण पिंजऱ्यातून सुटलेला प्राणी आधी कुणाला तरी ओळखता आला पाहिजे. पट्टे नसलेली, करडी, पांढऱ्या पोटाची, आपल्या खारीपेक्षा बरीच मोठी खार दिसली, तर पाठ, कूस आणि शेपटीचे फोटो काढून वन विभागाला कळवावे.

ओळख नसली की काय होते, हे शेजारच्या उजनीत दिसते. आफ्रिकेतून आलेली चिलापी तिथे इतकी रुळली आहे, की तिला कुणी परकी म्हणत नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणारी खार मात्र संशयित ठरते.