फेकलेल्या सुईचा हिशेब, टोचलेल्या सुईचा नाही

संध्याकाळी सात वाजता कुठल्याही गावातला किंवा उपनगरातला एखादा छोटा दवाखाना पाहावा. बाहेर बाकावर दहा-बारा जण, दारापाशी केसपेपर काढणारा कंपाउंडर, आत डॉक्टर आणि पडद्याआड एक खाट. तिथे ताप तपासला जातो, इंजेक्शन दिले जाते, जखमेला टाके घातले जातात, अशक्तपणा असेल तर सलाईनही लावली जाते. बहुतेक कुटुंबांचा आजारपणातला पहिला थांबा हाच असतो. डॉक्टर तीन पिढ्यांना ओळखतात, पैसे नसले तर ‘नंतर द्या’ म्हणतात. या व्यवस्थेची किंमत मोठ्या रुग्णालयांच्या चकचकीत इमारतींवरून कळत नाही.

पण या दवाखान्यात सुरक्षिततेची किमान काळजी घेतली जाते की नाही, हे कोण पाहते? महाराष्ट्रात याचे सरळ उत्तर असे की, जवळपास कोणीच नाही.

राज्यात रुग्णालयांसाठी कायदा आहे. तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. जिथे रुग्णाला दाखल करून घेतले जाते, त्या जागेला तो लागू होतो. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावण्यासारख्या तरतुदी आल्या. मात्र खाटा नसलेला बाह्यरुग्ण दवाखाना या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंद ठेवते, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करते, त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण मागते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठीही स्वतंत्र परिषदा आहेत. पण या सगळ्या नोंदी माणसाच्या पदवीच्या आहेत. तो माणूस ज्या जागेत काम करतो, त्या जागेची तपासणी त्यात येत नाही.

यातली विसंगती एका उदाहरणावरून स्पष्ट होते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात टाकायची, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यायची आणि कचरा अधिकृत गाडीकडेच द्यायचा. हे नियम योग्यच आहेत. पण म्हणजे फेकलेल्या सुईचा हिशेब सरकार मागते आणि टोचलेल्या सुईचा मागत नाही. ती सुई नवी होती का, टाके घालायची कात्री निर्जंतुक केली होती का, हे विचारणारा कोणी नाही.

हा प्रश्न केवळ कागदी नाही. हेपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. नुसत्या उकळत्या पाण्यात सर्व जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ ते २० मिनिटे द्यावी लागते. पाकिस्तानात सिंध प्रांतातील रतोडेरो या गावी २०१९ मध्ये शेकडो मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. बहुतेकांच्या आई-वडिलांना हा संसर्ग नव्हता. तपासात बोट दाखवले गेले ते दवाखान्यांतील असुरक्षित इंजेक्शनांकडे. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातून तशीच बातमी आली होती. तिथे संशय होता तो परवाना नसलेल्या एका व्यक्तीने एकच सिरिंज अनेकांना वापरल्याचा.

महाराष्ट्रातले बहुसंख्य डॉक्टर एकदा वापरून फेकायचीच सिरिंज वापरतात, हे खरे. पण सुरक्षितता सिरिंजपाशी संपत नाही. अनेकांसाठी वापरायच्या कुपीत वापरलेली सुई पुन्हा घातली जाते का? लसी ठेवलेल्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांदरम्यान असते का? इंजेक्शनची तीव्र ॲलर्जी होऊन रुग्ण कोसळला, तर ॲड्रिनॅलिनची कुपी हाताशी आणि मुदतीत आहे का? ही कुपी अगदी स्वस्त असते, पण ती नसेल तर पुढची काही मिनिटे जिवावर बेततात. चांगला डॉक्टर हे सगळे पाहतोच. न पाहणारा कोण, हे मात्र रुग्णाला कधीच कळत नाही.

मग कायदा का होत नाही? केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० मध्येच झाला. एका डॉक्टरचा दवाखाना आणि प्रयोगशाळाही त्याच्या कक्षेत येतात. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचे. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. कर्नाटकाने २००७ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि त्यात दवाखानेही घेतले.

डॉक्टरांचा विरोध निव्वळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचा अनुभव त्यांच्या समोर आहे. त्या कायद्याचा हेतू निर्विवाद योग्य; तरीही अर्जातली रकाना भरण्याची चूक आणि प्रत्यक्ष गुन्हा यांना एकाच मापाने तोलले जाते, ही तक्रार सोनोग्राफी करणारे डॉक्टर वर्षानुवर्षे करत आहेत. मोठ्या रुग्णालयासाठी लिहिलेले निकष एका खोलीच्या दवाखान्यावर लादले, तर त्याचा खर्च रुग्णाच्या बिलात उतरेल किंवा दवाखान्याला टाळे लागेल. मग ताप आलेला माणूस कंपनीच्या रुग्णालयात जाईल, नाही तर भोंदूकडे. शिवाय तपासनीस आला की पाकीट द्यावे लागेल, ही भीती हवेतली नाही.

आणि कायदा झाला म्हणजे काम झाले, असेही नाही. सिंधमध्ये आरोग्यसेवांच्या नियमनासाठी आयोग नेमण्याचा कायदा २०१३ मध्येच झाला होता. रतोडेरोच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून प्रत्येक जीपी दवाखान्याची नोंदणी आणि तपासणी एका स्वतंत्र आयोगाकडे आहे, श्रेणीही जाहीर होते. तरी २०२४ मध्ये त्या आयोगाच्याच कारभारात गंभीर उणिवा असल्याचे सरकारने नेमलेल्या परीक्षणात दिसून आले.

म्हणून हवा आहे तो छोटा, नेमका आणि पाळता येईल असा नियम. पहिली पायरी म्हणजे जागेची नोंदणी. कुठे कोणता दवाखाना आहे आणि तिथे कोण उपचार करते, याची यादी असली तर पदवी नसलेले आपोआप उघडे पडतील. प्रामाणिक डॉक्टरांचाही त्यात फायदाच आहे. दुसरी पायरी म्हणजे एका पानात मावतील एवढेच निकष : सुई आणि कुपीचा वापर, निर्जंतुकीकरण, हात धुण्याची सोय, आणीबाणीची औषधे, लसींचे तापमान, रुग्णाची नोंद. खोलीचे क्षेत्रफळ आणि भिंतीचा रंग त्यात नको. तिसरी पायरी म्हणजे तपासणी पथकात सरकारी अधिकाऱ्याबरोबर दवाखाना चालवणारा एक डॉक्टर असावा आणि त्याने दुसऱ्या तालुक्यातून यावे. पहिल्या भेटीत त्रुटी दाखवून मुदत द्यावी. सुई पुन्हा वापरण्यासारख्या दोषाला मात्र पहिल्या दिवसापासून माफी नको. आणि निकाल दवाखान्याच्या दारावर लावावा. जो निकाल सगळ्यांना वाचता येतो, तो पाकीट देऊन बदलणे अवघड जाते.

एवढे होईपर्यंत रुग्णाच्या हातात एक साधी गोष्ट आहे : सिरिंजचे पाकीट समोर फोडायला सांगणे, आणि मुळात गोळीने भागणार असेल तर इंजेक्शनचा आग्रह न धरणे. भारतात दिली जाणारी कित्येक इंजेक्शने गरजेपेक्षा रुग्णाच्या समाधानासाठी दिलेली असतात. पण पडद्यामागची कात्री निर्जंतुक आहे का, हे रुग्ण पाहू शकत नाही. ते पाहण्याचे काम सरकारचे आहे. रस्त्याकडेच्या वडापावच्या गाडीलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. शरीरात सुई टोचणाऱ्या जागेची साधी यादीही राज्याकडे नसावी, याचे समर्थन डॉक्टरांनाही करता येणार नाही.