कुटुंबाला आत बोलवा, शिकणाऱ्यांनाही

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : फॅमिली थेरपी शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शासकीय मनोरुग्णालये व जिल्हा रुग्णालयांत देखरेखीखाली इंटर्नशिप मिळण्याबाबत

महोदय,

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत रुग्ण सहसा एकटा येत नाही. सोबत आई असते, थोरला भाऊ असतो, कधी गावाकडचे काकाही असतात. डॉक्टर मुलाला विचारतात, ‘झोप लागते का?’ उत्तर आई देते. वडील दाराशी उभे. बायको मान खाली घालून केसपेपरची घडी घालत बसलेली. बाहेर रांग मोठी, त्यामुळे औषधे लिहून लगेच पुढचा नंबर पुकारावा लागतो. कोण कोणाच्या वतीने बोलते आणि कोण गप्प राहते, इथूनच फॅमिली थेरपीचा अभ्यास सुरू होतो. तो अभ्यास करणारे विद्यार्थी मात्र त्या खोलीत नसतात.

राज्यातील मानसशास्त्र आणि समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे हे निवेदन आहे. फॅमिली थेरपीचे प्रवर्तक बोवेन, मिनुचिन, सॅटिर त्यांनी परीक्षेपुरते पाठ केले आहेत. जीनोग्राम, म्हणजे पिढ्या आणि नात्यांचा नकाशा, त्यांना काढता येतो, पण तो बहुधा स्वतःच्या किंवा मैत्रिणीच्या घराचा असतो. वर्गातल्या रोल-प्लेमध्ये एक जण सासू होतो, एक जण सून. घंटा झाली की भांडण मिटते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला ४ श्रेयांक आहेत, म्हणजे साधारण १२० तास. कॅलिफोर्नियात फॅमिली थेरपिस्टच्या परवान्यासाठी देखरेखीखालचे ३,००० तास लागतात आणि त्यांतले किमान ५०० जोडपी, कुटुंबे व मुले यांच्यासोबतचे असावे लागतात. तिथले बरेचसे तास पदवीनंतर भरले जातात, त्यामुळे दोन्ही आकडे समोरासमोर मांडणे योग्य नाही. पण इथल्या १२० तासांत एखादे कुटुंब समोर बसलेले दिसेलच, याचीही खात्री नाही. जागा विद्यार्थ्याने स्वतः शोधायची. मिळालीच तर फायली लावायच्या, फॉर्म भरून घ्यायचे. काही खासगी केंद्रे तर शिकवण्याच्या नावाखाली विद्यार्थ्यांकडूनच पैसे घेतात. ज्यांना ते परवडत नाही, ते मागे पडतात. त्यांत नंदुरबार-गडचिरोलीकडून आलेली मुलेमुली असतात, आणि भिली-गोंडी बोलणाऱ्या घरांशी बोलायला उद्या त्यांचीच गरज लागणार आहे.

कुटुंबाला उपचारात घेणे या देशाला नवे नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला जागा दिली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कौटुंबिक मानसोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ सालीच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. महाराष्ट्राकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नातेवाईक तिथे येतातच. त्यांच्यासोबत बसायला माणसे कमी आहेत.

म्हणून निवेदनकर्त्यांची पहिली मागणी अशी की, या चारही रुग्णालयांत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या केंद्रांत विद्यापीठांशी करार करून पूर्ण एक वर्षाची इंटर्नशिप सुरू करावी. चार-सहा आठवडे पुरत नाहीत. एखादे घर तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत खरे बोलू लागत नाही. इंटर्नशिपला विद्यावेतन असावे. एका सुपरवायझरकडे चारपेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि दर आठवड्याला केसवर चर्चा व्हावी. त्यासाठी मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची रिक्त पदे आधी भरावी लागतील. हे टाळून फक्त विद्यार्थी पाठवले, तर तो रुग्णांवर अन्याय ठरेल.

शिकाऊंच्या हाती कुटुंब कसे सोपवायचे, ही शंका रास्त आहे. पहिले तीन महिने विद्यार्थ्याने फक्त पाहावे. फिलाडेल्फियाच्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकमध्ये मिनुचिन आणि त्यांचे सहकारी एकतर्फी आरशाआडून असेच शिकवत. इथे प्रत्येक रुग्णालयात अशा आरशाची एक खोली करण्याचा खर्च फार नाही. त्यानंतर विद्यार्थ्याने अनुभवी थेरपिस्टच्या शेजारी बसावे. आरशाआड कोण आहे हे कुटुंबाला आधी सांगावे, मराठीत किंवा त्यांच्या बोलीत लेखी संमती घ्यावी, आणि नकार दिला म्हणून उपचारात काहीही कमी पडू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्या गोपनीयतेचे बंधन विद्यार्थ्यांवरही असावे.

एका मुद्द्यावर निवेदनकर्ते ठाम आहेत. घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून ‘समजूत’ घालणे घातक ठरू शकते. बाई खोलीत बोलते आणि घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. तिला आधी एकटीला विचारायचे; पण केव्हा विचारायचे, कोणत्या शब्दांत विचारायचे, हे पुस्तकातून येत नाही. म्हणून कुटुंब न्यायालयांतील विवाह समुपदेशकांसोबतही काही आठवडे काम करण्याची सोय उच्च न्यायालयाच्या परवानगीने व्हावी, अशी विनंती आहे.

पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी आरोग्य विभाग, उच्च व तंत्र शिक्षण विभाग, विद्यापीठे आणि चारही रुग्णालयांचे अधीक्षक यांची संयुक्त बैठक आपण बोलवावी. तीत विद्यार्थ्यांचे आणि रुग्णांच्या नातेवाइकांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी असावेत.

निवेदनकर्ते,
मानसशास्त्र व समाजकार्य पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी