देणारा हात आपलाच असावा

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की ख्रिस्ती घरांतून आवराआवरीला आरंभ होतो. वसईच्या गावांत भिंतींना रंग लागतो, पडदे धुण्यास निघतात, माळ्यावरून चांदणी आणि गोठ्याच्या मूर्ती खाली उतरतात. गोठ्यासाठी दिवाणखान्याचा एक कोपरा मोकळा करावा लागतो आणि तेवढ्या निमित्ताने अख्खे घर उपसले जाते. दिवाळीपूर्वी हिंदू घरांत जी धांदल असते, तीच ही.

या धांदलीत वडीलधाऱ्या माणसांना बहुधा ओटीवर खुर्ची टाकून बसवले जाते. ‘तुम्ही स्वस्थ बसा, आम्ही पाहतो,’ असे मुले मायेनेच म्हणतात. परंतु आत जे कपाट रिकामे होत असते, त्याचा धनी बाहेर बसलेला असतो. चार दिवसांनी तो एखादा पत्र्याचा डबा शोधू लागतो आणि तो केव्हाच भंगारात गेल्याचे त्याला कळते. डब्याची किंमत शून्य असेल. पण आपल्या घरात आपल्याला कोणी विचारीत नाही, ही जाणीव फार खोलवर जाते. म्हणून प्रिय वाचकहो, आपण ज्येष्ठ असा वा ज्येष्ठांची शुश्रूषा करणारे असा, यंदाच्या आवराआवरीत एक नियम पाळावा: वस्तू ज्याची, निर्णय त्याचा, आणि दान द्यायचे तर देणारा हातही त्याचाच.

दोन अंगरख्यांची गोष्ट

नाताळच्या सणात देण्याला मुळापासून स्थान आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की आम्ही आता करावे तरी काय. ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, अशा आशयाचे साधे उत्तर त्यांना मिळते. येथे फाटका अंगरखा द्या असे म्हटलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ६ डिसेंबरला ज्यांचा सण येतो ते संत निकोलस हे चौथ्या शतकातील मायरा नगरीचे बिशप. ही नगरी आजच्या तुर्कस्तानात होती. हुंड्यावाचून अडलेल्या तीन मुलींच्या घरात त्यांनी रात्रीच्या अंधारात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांची आख्यायिका सांगतात. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, म्हणून अंधाराची योजना. देण्याची ही रीत ध्यानी ठेवली, तर अडगळ बाहेर काढणे आणि दान करणे यांतील अंतर आपोआप कळते.

वस्तू हातून का सुटत नाहीत?

‘आई काहीच टाकू देत नाही,’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यामागील कारणे समजून घेतली, तर वाद पुष्कळ कमी होतील. ज्यांनी शिधापत्रिकेवरील मोजकी साखर पाहिली, १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, त्यांच्या हाताला रिकामी बरणी टाकवत नाही. ती सवय त्या काळी शहाणपणाची होती. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आणि उरलेले कपडे बोहारणीला देऊन पातेले घेणारी ही पिढी आहे. वस्तू वाया घालवणे तिला ठाऊकच नाही.

दुसरे कारण मनाच्या ठेवणीचे आहे. डॅनिएल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना एक साधा कॉफीचा मग देऊन टाकला आणि तो कितीला विकाल असे विचारले. ज्यांना मग मिळालेला नव्हता, ते त्याची जी किंमत देऊ करीत होते, तिच्या दुपटीहून अधिक किंमत या नव्या मालकांनी मागितली. घटकाभर आपल्या झालेल्या मगाची ही कथा. मग पन्नास वर्षे संसारात वावरलेल्या कपबशीची काय असेल?

तथापि, एक भेद ओळखावा. उत्तरवयात एखाद्याने नव्यानेच वर्तमानपत्रे, पिशव्या वा शिळे अन्न साठवण्यास आरंभ केला आणि चालण्या-झोपण्याची जागाही उरली नाही, तर तो केवळ स्वभाव समजू नये. वस्तुसंचयाच्या विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली आहे. शिवाय स्मृतिभ्रंश वा नैराश्याचीही ती खूण असू शकते. अशा वेळी भांडण न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आधी वाट मोकळी, मग कपाट

अडगळीचा आरोग्याशी सर्वांत थेट संबंध आहे तो पडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वाधिक आहे. म्हणून आवराआवरीचा प्रारंभ कपाटापासून करू नये. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेपासून करावा. त्या वाटेवरील स्टूल, पायपुसणी, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि कडा दुमडलेली सतरंजी प्रथम हलवावी. रात्री मंद दिवा ठेवावा. नाताळच्या रोषणाईच्या तारा पायवाटेवरून न नेता भिंतीच्या कडेने न्याव्यात. चांदणी टांगण्यासाठी ज्येष्ठांनी खुर्चीवर चढू नये. ते काम नातवंडांचे.

पुढील काम बसून करावे. एका वेळी एकच खण आणि फार तर अर्धा तास. वाकून दीर्घकाळ काम केल्यावर झटकन उठले की रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते, तेव्हा आधार धरून सावकाश उठावे. दमा वा फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांनी धूळ झाडली जात असताना त्या खोलीत थांबू नये. ओल्या फडक्याने पुसणे केव्हाही बरे.

समोर तीन टोपल्या ठेवाव्यात: ‘ठेवायचे’, ‘द्यायचे’ आणि ‘नंतर ठरवू’. तिसरी टोपली महत्त्वाची आहे. ती असली की प्रत्येक वस्तूपाशी अडावे लागत नाही. पत्रे आणि छायाचित्रे शेवटी हाती घ्यावीत. आरंभीच घेतली तर दिवस त्यांतच सरतो. एखाद्या दुपारी नातवंडांना जवळ बसवून छायाचित्रांच्या पाठीमागे पेन्सिलीने नावे व साल लिहून घ्यावे. कागदपत्रांपैकी निवृत्तिवेतन, विमा, घर आणि रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेले कागद जपावेत; आधारपत्राच्या जादा प्रती मात्र फाडूनच टाकाव्यात.

ख्रिस्ती घरांत आणखी एक अडचण येते. तुटलेली जपमाळ, भंगलेली मूर्ती, गेल्या वर्षीची झावळी केरात कशी टाकावी? आशीर्वादित वस्तू पुरण्याची वा जाळण्याची रीत आहे. झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या चर्चमध्ये नेऊन द्याव्यात. राखेच्या बुधवारी लावली जाणारी राख परंपरेने त्यांचीच करतात.

औषधांचा डबा

औषधांचा डबा आवराआवरीतून वगळू नये. मुदत संपलेली औषधे, नाव पुसट झालेल्या पट्ट्या आणि जुन्या आजारातील उरलेली प्रतिजैविके वेगळी काढावीत. डोळ्यांत घालण्याचे थेंब बाटली उघडल्यापासून साधारण चार आठवड्यांनी वापरू नयेत. अशी औषधे दान म्हणून कोणालाही देऊ नयेत; मोलकरणीलाही नाही आणि शेजाऱ्यालाही नाही. गोळ्या ओल्या मातीत वा चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी घट्ट बांधून, लेबलावरील नाव खोडून कचऱ्यात टाकाव्यात. सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद कराव्यात. कोणते औषध चालू आणि कोणते बंद, याविषयी शंका असल्यास सारा डबाच पुढील भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावा.

काय द्यावे, कोठे द्यावे

धुतलेले, गुंड्या लावलेले, आपण स्वतः अंगावर घालू असे कपडेच द्यावेत. डिसेंबरात स्वेटर, शाली आणि ब्लँकेटे यांची गरज असते. ती मार्चसाठी राखून ठेवू नयेत. अनेक घरांत आजारपणानंतर चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी पडून असते. एखाद्या गरजू रुग्णाच्या घरी त्यांचे मोल कपड्यांहून कितीतरी अधिक आहे. धर्मग्रामात वा जवळच्या एखाद्या न्यासात अशी साधने वापरून परत करण्यासाठी मिळतात का, याची चौकशी करावी आणि आपले साधन तेथे ठेवावे.

अनेक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची सभा गरजू कुटुंबांना भेटी देते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह तिचा पाया घातला. १९९९ साली दिल्लीत अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था जुने कपडे गावोगावी पोहोचवते आणि गावकऱ्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून ते देते; घेणाऱ्याचा मान राखण्याचा हाही एक मार्ग. कोठेही देण्यापूर्वी मात्र आधी विचारावे. वृद्धाश्रमांत नाताळच्या आठवड्यात केक आणि मिठायांचे ढीग लागतात आणि तेथील अनेक रहिवासी मधुमेही असतात. फेब्रुवारीत मात्र कोणी फिरकत नाही. फेब्रुवारीतील एका दुपारची भेट, हेही दानच आहे.

‘माझ्यापाशी देण्यासारखे उरले तरी काय?’ असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक गोष्ट. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना सकाळी पाच वा वीस डॉलर दिले. काहींना ते स्वतःवर, तर काहींना दुसऱ्यावर खर्च करण्यास सांगितले. सायंकाळी अधिक आनंदी आढळले ते दुसऱ्यावर खर्च करणारे. रक्कम पाच होती की वीस, याने फरक पडला नाही.

मात्र दान आणि मालमत्तेची वाटणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. घर, सोने वा ठेवी सणाच्या भरात कोणाच्याही नावे करू नयेत. वकिलाचा सल्ला घेऊन, सावकाश करावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यातील कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता तो सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. म्हणून ती अट दस्तात लिहिलेली असणे हिताचे. तसेच दूरध्वनीवरून दान मागून ओटीपी विचारणाऱ्यास काहीही सांगू नये.

गेलेल्या माणसाचे कपाट

ज्या घरात यंदा एक माणूस कमी आहे, तेथे आवराआवर जड जाते. दिवंगत जोडीदाराचे कपडे केव्हा द्यावेत, याचा ठरलेला काळ नाही. कोणास महिन्याभरात मोकळे वाटते, कोणास तीन वर्षे लागतात. मुलांनी घाई करू नये आणि आईवडील गावी गेलेले पाहून कपाट रिकामे तर मुळीच करू नये. एखादी शाल, एखादा सदरा ठेवावा. चार साड्यांची गोधडी शिवून घ्यावी. उरलेले जेव्हा द्यायचे, तेव्हा शक्य तर आपल्या हातांनी घडी घालून द्यावे. घडी घालताना डोळे भरून आले, तर येऊ द्यावेत.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खोलीला मात्र फारसा हात लावू नये. ओळखीची खुर्ची, भिंतीवरील तसबीर, उशाशी असलेली जपमाळ हे त्यांचे खुणेचे दगड असतात. ते हलले की घरातच माणूस वाट चुकतो. धोकादायक तेवढेच काढावे आणि त्यांच्या हाती रुमाल घडी करण्यासारखे सोपे काम द्यावे. असे केल्याने सणाच्या तयारीत त्यांचाही वाटा राहतो.

येणारे ताट

गोव्यात नाताळच्या सुमारास ‘कोंसुआद’ नावाची रीत आहे. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांनी भरलेली ताटे शेजारी जातात. धर्म न पाहता जातात. ज्या घरात शोक असतो आणि गोडधोड होत नाही, तेथेही शेजाऱ्यांची ताटे पोहोचतात. आपल्याकडे आलेले भांडे रिकामे परत धाडीत नाहीत, ही रीत तर आपण साऱ्यांनीच लहानपणापासून पाळली आहे. पण वय वाढले की अनेकांना घेणे अवघड वाटू लागते. शेजारच्या मुलीने आणलेला डबा, मुलाने पुढे केलेला हात, चर्चला नेण्यासाठी आलेली गाडी हे सारे आपण ‘कशाला उगाच’ म्हणून परतवतो. यंदा ते नाकारू नये. घेतल्याने दुसऱ्यालाही देण्याचे समाधान मिळते.

या पंधरवड्यात तेव्हा इतकेच करावे: पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट मोकळी करावी, औषधांचा डबा तपासावा, एक खण आवरावा आणि त्यातील एक चांगली वस्तू स्वतःच्या हाताने योग्य ठिकाणी पोहोचवावी. शुश्रूषा करणाऱ्यांनी प्रत्येक वस्तू उचलण्यापूर्वी ‘हे ठेवू की देऊ?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आपणां सर्वांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.