मनीचं मनी-मॅनेजमेंट

मांजर पाळायला काय लागतं? आजीच्या वाड्यात काहीच लागत नव्हतं. परसदार होतं, माती होती. मनी स्वतःच उकरायची, स्वतःच झाकून यायची. आता सीन वेगळा आहे. माळेगाव नाहीतर मुसळगावच्या एमआयडीसीत नोकरी, सिन्नरमध्ये भाड्याचा वन बीएचके, तिसरा मजला आणि सकाळी साडेआठला दाराला कुलूप. मनी दिवसभर आत. मग तिच्या ‘त्या’ कामासाठी ट्रे आला, ट्रेमध्ये लिटर आलं आणि महिन्याच्या बजेटमध्ये एक नवी ओळ आली. (दुधाचं लिटर वेगळं, हे वेगळं. पण भाव ऐकून धक्का दोन्हीकडे बसतो!)

हा विषय चारचौघांत काढायचा नसतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण भाड्याच्या घरात मांजर टिकणार की नाही, हे याच ट्रेवर ठरतं. आधी ‘चालेल की’ म्हणणारे घरमालक जिन्यात वास यायला लागला की म्हणतात, ‘ते मांजर कुठेतरी सोडून या.’ घरात वाढलेलं मांजर पुणे हायवेच्या कडेला किती दिवस काढेल? आणि उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. तेव्हा वासाचा बंदोबस्त हे फॅड नाही, मनीच्या छपराचा प्रश्न आहे.

आधी वासाचा फंडा समजून घेऊ. ताज्या लघवीला तितका उग्र वास नसतो. तिच्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि मग नाकात झिणझिण्या येतात. म्हणजे काम सोपं आहे. ओल लवकर शोषायची, एका जागी बांधून ठेवायची आणि जिवाणूंना वेळ मिळायच्या आत उचलून टाकायची. लॅव्हेंडर, लिंबू, गुलाब असल्या सुगंधी पिशव्या यातलं काहीच करत नाहीत. त्या फक्त वासावर वास चढवतात. शिवाय मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. तिला तो परफ्यूम नाही आवडला, तर ती ट्रे सोडून थेट तुमच्या गादीचा विचार करेल.

या धंद्याची सुरुवातही मजेशीर आहे. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या तरुणाच्या घरचा व्यवसाय होता कारखान्यांत सांडलेलं तेल-पाणी शोषणारा माल विकण्याचा. शेजारीणबाई मांजरासाठी वाळू मागायला आल्या, तर त्याने त्यांना ‘फुलर्स अर्थ’ देऊन पाहिली. म्हणजे आपली मुलतानी मातीच्या जातकुळीतली माती! तीच पुढे पिशव्यांत भरून त्याने विकली. आपण चेहऱ्याला लावतो, त्याने ट्रेत घातली. पण ती माती ओल शोषते, घट्ट गुठळी काही करत नाही. गुठळीवालं लिटर आलं १९८० च्या दशकात, बेंटोनाइटमुळे.

बेंटोनाइट हे नाव एमआयडीसीतल्या मंडळींना नवं नाही. फाउंड्रीत साच्याची वाळू बांधायला तेच वापरतात, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात इलेक्ट्रिशियन तेच भरतात. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरातेत कच्छमध्ये निघतं. त्यातलं सोडियम बेंटोनाइट पाणी लागलं की कित्येक पट फुगतं आणि कणकेसारखं एकजीव होतं. कॅल्शियमवालं तेवढं फुगत नाही. पिशवीवर नुसतं ‘बेंटोनाइट’ लिहिलेलं असलं तरी गुठळीत फरक पडतो, तो इथे. (म्हणून कंपनीतून पूड घरी आणायची आयडिया मात्र नको. मांजरासाठी दाणेदार, कमी धुळीचाच माल हवा.)

आता पैशांचं बोलू. किलोचा भाव विसरा, दिवसाचा भाव काढा. समजा, पाच किलोची एक पिशवी ३०० रुपयांची आहे. गुठळी होत नाही, खाली चिखल होतो, म्हणून दहा दिवसांत सगळी फेकावी लागते. दिवसाला ३० रुपये. दुसरी ५०० रुपयांची आहे. गुठळ्या तेवढ्या उचलल्या, वर मूठभर भर घातली, पंचवीस दिवस चालली. दिवसाला २० रुपये. सांगा, स्वस्त कुठली?

वखारीतला लाकडाचा भुसा, राख किंवा वाळू हे फुकटातले पर्यायही आहेत. भुसा ओल शोषतो, पण गुठळी नाही आणि घरभर पाऊलखुणा. राखेचेही तेच हाल. वाळू तर शोषतच नाही, पाणी थेट तळाला. सिलिका जेल ओल छान शोषतं, पण गुठळी करत नाही. सोयाबीनच्या चोथ्याचं ‘टोफू’ लिटर हलकं, कमी धुळीचं आणि गुठळी करणारं असतं, पण बहुतेकदा महाग. मधला मार्ग म्हणजे बिनवासाचं, बारीक दाण्याचं बेंटोनाइट.

मोठी पिशवी घ्यायच्या आधी छोटी आणा आणि घरीच टेस्ट करा. वाटीत चार बोटं लिटर, त्यावर दोन चमचे पाणी. पंधरा मिनिटांनी चमच्याने उचला. लाडू अख्खा आला तर पास, भुगा झाला किंवा तळाला चिकटला तर नापास. मग उन्हात कागदावर थोडं ओता. ढग उठला तर तो उद्या तुमच्या आणि मनीच्या फुप्फुसात जाणार.

पण सर्वांत भारी लिटरही आळशी माणसापुढे हरतं. ट्रेमध्ये दोन-तीन इंच थर ठेवा आणि झाऱ्यासारख्या स्कूपने दिवसातून निदान एकदा, जमलं तर दोनदा साफ करा. यात आरोग्याचंही गणित आहे. मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा असलाच तर तो संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज साफ केलं तर धोका तिथेच कमी. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. गुठळ्या कमोडमध्ये टाकू नका, फुगून पाइप तुंबेल. ट्रे धुवायला साधा साबण आणि गरम पाणी पुरे. फिनाइल अजिबात नको, त्यातली फेनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. आणि पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल तर गुठळीवालं लिटर थांबवा. पिल्लं काहीही तोंडात घालतात, आणि हे पोटात जाऊन फुगतं.

आता शेवटचं, पण पिशवीवर कधीच छापलेलं नसतं ते. गुठळी हा मनीचा रोजचा फुकटातला रिपोर्ट आहे. रोज साधारण किती आणि केवढ्या गुठळ्या निघतात, ते लक्षात ठेवा. एकदम मोठ्या आणि जास्त व्हायला लागल्या तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्या. आणि बोका सारखा ट्रेत जाऊन जोर करतोय, पण गुठळी एकही नाही, असं दिसलं तर वीकेण्डची वाट पाहू नका. लघवीचा मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. गावात डॉक्टर नसतील तर गाडी काढा, नाशिक तीसेक किलोमीटरवर आहे. भुशाच्या ट्रेत हे कळलंच नसतं.

तेव्हा पुढच्या पगाराला पिशवी घेताना समोरचं गोंडस मांजराचं चित्र बघू नका. उलटी करा, मागचं वाचा आणि वाटीतला लाडू जमतो का, ते बघा.