पंचवीस किलोंचा फ्लेक्स, सात टनांचा वारा

व्यापारी इमारतींच्या तोंडावर मोठमोठे फ्लेक्स चढायला लागतात ते गुढीपाडव्याच्या सुमारास. आधी पाडव्याचं आणि अक्षय्य तृतीयेचं सोनं, मग क्लासवाल्यांचे तीन मजली गुणवंत, मग आषाढातले सेल. वळीवही नेमका याच दिवसांत येतो. १७ एप्रिल २०२३ ला पुण्याजवळच्या किवळ्यात वादळी पावसात आडोशाला थांबलेल्यांवर होर्डिंग कोसळून पाच जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात १७. दोन्ही वेळा गदारोळ झाला तो परवान्यावरून: परवानगी होती का, कुणी दिली, जागा कुणाच्या हद्दीतली. वारा हा विषय तज्ज्ञांच्या अहवालात गेला आणि तिथेच राहिला.

‘ती जमिनीत रोवलेली लोखंडी धुडं होती, आम्ही तर इमारतीला नुसता बॅनर बांधतो. कापडच ते!’ दुकानदार, सोसायटीचे पदाधिकारी, फ्लेक्स छापणारा, सगळ्यांचा बचाव हाच. तो आकड्यांत तपासू. ४० फूट बाय २० फुटांचा फ्लेक्स म्हणजे ८०० चौरस फूट, सुमारे ७४ चौरस मीटर. वजन २५ ते ३० किलो. दोन पोरं खांद्यावर टाकून जिना चढतात. आता भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग उघडा. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो. पुण्यात तो चौरस मीटरला साधारण ९३ किलो येतो, आणि आपल्या ‘कापडा’वर जवळजवळ सात टन. इमारतीची उंची, आजूबाजूची दाटी यांचे गुणक लावले की आकडा खाली-वर होतो, पण टनांतून किलोंत काही येत नाही. ‘तात्पुरतं आहे हो, महिन्याभराचं’ हा युक्तिवादही मानकाने आधीच ऐकून ठेवलाय. तात्पुरत्या बांधकामाला ते वेगात सूट देतं. ती पुरेपूर घेतली तरी चार टन उरतात.

घाटकोपरच्या सांगाड्याला निदान पाया होता. तो अपुरा होता, हे व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी सांगितलं. इमारतीवरच्या बॅनरचा पाया कोणता? गच्चीचा चार इंची विटांचा कठडा, खिडकीचं ग्रिल, नाहीतर दर्शनी भागावर चिकटवलेलं अॅल्युमिनियमचं पातळ आवरण. नव्या व्यापारी संकुलांत तर बाहेरून दिसणारी ‘भिंत’ ही भिंतच नसते. हलक्या पट्ट्यांवर बसवलेले पत्रे असतात, आणि स्क्रू मारला जातो तो त्यांतच.

दुसरा दावा जरा जाणकारीचा आव आणतो: फ्लेक्सला अर्धचंद्राकार भोकं पाडली की वारा निघून जातो. पन्नास भोकं पाडा. प्रत्येक चार इंच रुंद. त्या पन्नासांचं मिळून क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस इंचांच्या आत. ८०० चौरस फुटांत चौरस इंच होतात १,१५,२००. म्हणजे वाऱ्याला वाट मिळाली पाव टक्क्याच्या आसपास, बाकीचा वारा आहे तिथेच. वर त्या प्रत्येक भोकाचा कोपरा ही फाटण्याची सुरुवात. मेश फ्लेक्स हा त्यावरचा खरा उपाय. त्याच्या जाळीत मोकळी जागा तीस टक्क्यांच्या आसपास असते. पण तो महाग पडतो आणि चेहरे थोडे फिके दिसतात. गुणवंतांच्या पालकांना ते चालत नाही, असं क्लासवाले सांगतात.

तिसरा दावा म्हणजे मागे भिंत आहे, बॅनर तिच्यावर दाबला जाणार, पडणार कुठे? समोरून येणाऱ्या वाऱ्यापुरतं हे खरं आहे. पण वारा इमारतीला वळसा घालून जातो तेव्हा बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर दाब नसतो, ओढ असते. ती बॅनरला भिंतीपासून बाहेर खेचते, आणि सगळ्यात जोरात खेचते इमारतीच्या कोपऱ्यांपाशी. नेमका तोच कोपरा जाहिरातदाराला हवा असतो, कारण चौकातल्या दोन्ही रस्त्यांवरून दिसतो. वरची कड सुटली की बॅनर शीड होतो आणि मग खालचे आयलेट, तारा, अँगल एकेक करून उपटले जातात. ‘वादळात फ्लेक्स फाटतोच, म्हणून फ्रेम वाचते’ असं म्हणणाऱ्यांनी अर्धवट फाटलेला फ्लेक्स तासभर फ्रेमला हिसके देताना एकदा पाहावा. तो रस्त्यावरच्या विजेच्या तारांवर जाऊन पडतो, ते निराळंच.

मग बंदीच घाला, असं म्हणणारा एक शहाणा वर्ग आहे. तो ब्राझीलमधल्या साओ पावलोचं उदाहरण देतो. तिथे २००६ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरच्या जाहिराती उतरल्या आणि शहर मोकळं दिसायला लागलं. नजरेला ते मलाही आवडतं. पण आपल्याकडे काय होईल? आपल्याकडे शहर विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, महापालिका अधिनियमात जाहिरातीच्या परवान्यांची कलमं आहेत, पुणे महापालिकेत तर आकाशचिन्ह व परवाना विभाग असं भारदस्त नाव धारण केलेलं खातं आहे. उच्च न्यायालयाने वेळोवेळी कान उपटले आहेत. तरीही बॅनर चढतात, फक्त रात्री दोनला चढतात. बंदीने बॅनर कमी होतील की नाही, ठाऊक नाही. तो लावणारा मुलगा मात्र अंधारात, घाईघाईने, सेफ्टी बेल्टशिवाय कठड्यावर उभा राहील.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठा बॅनर लावावा, हवा तर तीन मजली लावावा, पण त्याला छपाईचं काम न समजता बांधकाम समजून लावावा. आज कोटेशन येतं ‘प्रिंटिंग विथ फिटिंग’, चौरस फुटाच्या भावाने, आणि त्यात फिटिंग म्हणजे वरकड. हा क्रम उलटा हवा. आधी इमारतीची भिंत पाहावी आणि आरसीसी तुळई, खांब कुठे आहेत ते शोधावं. अँकर तिथेच बसतील, गिलाव्यात नाहीत. मग वाऱ्याचा हिशेब कागदावर यावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही त्याखाली असावी. कापड मेशचं, कडेने ताणलेलं. खिडक्या, जिन्याची हवा आणि अग्निशमन दलाची शिडी लागण्याची जागा झाकायची नाही, मग जाहिरातदार कितीही मोठा असो. काम करणाऱ्याची दोरी ज्या फ्रेमवर तो काम करतोय तिलाच बांधायची नाही, वेगळ्या पक्क्या ठिकाणी बांधायची. आणि खालचा फूटपाथ तेवढा वेळ बंद. दुकानदार कुरकुरतील. कुरकुरू देत.

सहीबद्दल मी हट्टी आहे. ती इंजिनिअरबरोबर भिंतीच्या मालकाचीही हवी. आजची व्यवस्था अशी, की दुकानदार एजन्सीकडे बोट दाखवतो, एजन्सी फ्लेक्सवाल्याकडे, फ्लेक्सवाला त्या दोन पोरांकडे. भाडं घेणारी सोसायटी कुठेच नसते. ज्याच्या भिंतीवर सात टनांची ओढ बसणार, त्याला ती किती हे निदान वाचावं लागेल.

आणि उतरवणं. त्याचा विचार कोटेशनमध्येच नसतो. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजाराच्या चौकात होर्डिंग पडलं ते वादळाने नव्हे, काढताना; सांगाडा वरून सोडवत आणण्याऐवजी खालून कापला गेला, आणि सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळून चार माणसं गेली. हवामान विभाग वादळी पावसाचा तीन तासांपुरता इशारा जिल्हावार देतो. तेवढ्या वेळात खालून दोर सोडून कापड सुटावं अशी जोडणी करता येते. नाटकाचा पडदा रोज तसाच वर-खाली होतो. बॅनरच्या कोपऱ्यात उतरवण्याची तारीख ठळक छापावी, आणि एजन्सीच्या बिलातला वीस टक्के भाग कापड, फ्रेम, अँकर सगळं उतरून भिंतीतली भोकं बुजवल्याशिवाय चुकता करू नये.