दंड भरला, पण सुटका झाली का?

वाचकहो, बांधावरचे भांडण आपल्याकडे नवीन नाही. नांगराचा एक फाळ इकडचा तिकडे गेला की शब्दाला शब्द लागतो, काठी निघते आणि प्रकरण पोलीस ठाण्यात जाते. पुढे तारखांना कंटाळून माणूस कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हणतो, पाचशे-हजार रुपये दंड भरतो आणि 'सुटलो एकदाचा' म्हणत घरी येतो. तो खरेच सुटला का, हे बऱ्याच वर्षांनी कळते.

कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्याचे अर्ज भरून घेताना मला ते कळले. या योजनेला पासपोर्ट लागतो. एक द्राक्ष बागायतदार, बाग पाहत राहावी अशी. पण पासपोर्टचे नाव काढताच गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "साहेब, आपल्यावर केस झालेली हाय. आपल्याला कोण जाऊ देतंय?" शेजारी बसलेल्याने लगेच सल्ला दिला, "लिहायचंच नाही. कोण बघतंय?"

दोघेही चुकले. एक उगाच घाबरला, दुसरा उगाच अडकेल.

पासपोर्ट कायदा १९६७ चा आहे. त्यातले कलम ६ सांगते, की अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान २ वर्षांची कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. बांधावरच्या मारामारीचा पाचशे रुपये दंड यात बसत नाही. खरी अडचण चालू खटल्याची असते. खटला कोर्टात पडून असेल तर पासपोर्ट अडतो. त्यावरही वाट आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. कोर्टाने मुदत सांगितली नसेल तर तो एका वर्षाचा असतो.

मात्र लपवाल तर फसाल. माहिती दडवल्यास याच कायद्याच्या कलम १२ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मिळालेला पासपोर्टही जप्त होऊ शकतो. म्हणजे मूळ गुन्हा पाचशेचा आणि लपवाछपवी दोन वर्षांची!

पासपोर्ट हाती आला तरी व्हिसा हे वेगळे प्रकरण. तिथे प्रश्न जास्त खोल असतो. अमेरिकेच्या अर्जात कधीही अटक किंवा शिक्षा झाली का, असे विचारतात; माफी मिळालेली असली तरी सांगावे लागते. किरकोळ शिक्षेमुळे दार बंद होतेच असे नाही, पण खोटे उत्तर महागात पडते. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडा ५ वर्षे, तर ब्रिटन १० वर्षांपर्यंत दार बंद करू शकते. म्हणून प्रत्येक प्रश्न नीट वाचा. जेवढे विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्या आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जवळ ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे. तडजोडीने प्रकरण मिटवणे म्हणजे कायद्याच्या नजरेत निर्दोष सुटणे. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी अशा गुन्ह्यांत मार खाल्लेल्या, शिव्या ऐकलेल्या माणसाशी तडजोड करता येते, आणि लोकअदालत त्यासाठीच भरते. पण 'काय, मिटवायचंय ना?' असे विचारले की माणूस मान हलवतो आणि तडजोड समजून कबुलीवर अंगठा उठवतो. त्याला दोन्हींतला फरक कोणी सांगितलेलाच नसतो.

हा फरक सांगणे कोणाचे काम? माझ्या मते वकिलांचे आहे, कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीचे आहे आणि थोडे आपलेही आहे. शेतकऱ्याने कबुली देण्याआधी त्याला साध्या मराठीत सांगावे, की बाबा, ही शिक्षा म्हणून नोंदली जाईल. पोराच्या नोकरीचा, तुझ्या दौऱ्याचा अर्ज भरताना ही पुन्हा समोर येईल. एवढ्या दोन वाक्यांना वेळ लागत नाही.

त्या बागायतदारांनी मग तालुक्याच्या कोर्टातून निकालाची नक्कल काढली. दंड भरून सात वर्षे झाली होती. अर्ज खरा भरला, पडताळणीला आलेल्या पोलिसाला नक्कल दाखवली आणि पासपोर्ट घरी आला. दौऱ्यात नंबर लागेल तेव्हा लागेल. पण 'आपल्याला कोण जाऊ देतंय' हे वाक्य आता त्यांच्या तोंडून येत नाही.

बांध सारखा करताना आपण दोरी लावतो ना? कोर्टात तोंड उघडण्याआधीही तशीच दोरी लावा. एक शब्द विचारून बोला.